राखणीची खुर्ची

परभणीच्या त्या वंध्यत्वाच्या दवाखान्यात प्रयोगशाळेच्या दाराला लागून एक खुर्ची होती. तिथं ती बसली होती. बोरीकडची शेतकरी बाई, माझ्याच वयाची. गुडघे जवळ घेतलेले, पदर दोन्ही बाजूंनी पसरलेला. त्या सकाळी आम्हां दोघींची अंडी कच्चीच काढली होती. ती आत उबेच्या पेटीत पिकवून पाहायची, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. माझा हा शेवटचा प्रयत्न होता.

कुणी चपला वाजवत आलं की ती मान न वळवता म्हणायची, “हळू चाला.”

तिच्या पायाशी एक गंजका खिळा होता. मी त्याच्याकडं बघतेय हे तिला कळलं.

“कोंबडी अंड्यावर बसवली की डालग्यात लोखंड ठेवतेत आमच्याकडं. न्हाई तर ढग गडगडला की अंडी नासतेत.” मग हलक्या आवाजात म्हणाली, “तुमी जावा घरी. मी दोघींच्याबी अंड्यावर बसले हाय.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी होती. नर्स म्हणाली, “त्या बाई कालच जिंतूरच्या गाडीनं गेल्या. तुम्ही बसा, बोलावते.”

मी बसले. खुर्ची गरम होती. खिळा तिथंच होता.

थोड्या वेळानं आतून माझं नाव पुकारलं. मी उठले नाही. नर्स चपला वाजवत माझ्याकडं आली, तेव्हा मान न वळवता मी म्हणाले, “हळू चाला.”