बोटीमागची धुराची रेघ

माझ्या मित्राने मला फसवलं. बोट चांगली होती, सौदाही सरळ होता. फसवलं ते तळ्याकाठी, तोंड बंद ठेवून.

लॉकडाउन होता. इथे परदेशात, गुंगालिन उपनगरातल्या ज्या ऑफिसांच्या साफसफाईचं काम माझ्याकडे होतं, ती सगळी बंद. स्टुडंट म्हणून आलो तेव्हा इथल्याच फरशा पुसत मी हा धंदा उभा केला. हात बांधून घरी बसणं मला जमत नाही. हा मित्र पलीकडच्या गल्लीतला, पुण्याचा, आयटीतला. त्याने आपली रिमोटवरची नायट्रो बोट विकायला काढली होती. हातभर लांब, पण इंजिन खरं, इंधनावर चालणारं. मी मास्क लावून त्याच्या गॅरेजच्या दारात उभा राहिलो आणि सवयीने घासाघीस सुरू केली. भाव पाडला. वर इंधनाचा कॅन मागितला, मग बोटीचा जादा पंखा. तो सगळ्याला हो म्हणत गेला.

"अजून काय देऊ? गॅरेज देऊ?"

"नको, भाड्याचं आहे तुझं."

तो खळखळून हसला. कितीतरी दिवसांत घराबाहेरच्या माणसाचं हसणं मी ऐकलं नव्हतं. निघताना म्हणाला, "मागे धुराची रेघ दिसली पाहिजे, एवढं बघ. आणि थंडीत सुई जरा सैलच ठेव."

सुई म्हणजे इंजिनात किती इंधन जायचं ते ठरवणारा स्क्रू. आवळला की इंधन कमी आणि वेग जास्त.

जो इतक्या पटकन हो म्हणतो त्याच्या मालात खोट असते, हे मला धंद्याने शिकवलंय. बोट पाण्यात सोडली तेव्हा बदकंसुद्धा आरामात बाजूला झाली. म्हटलं, बरोबर! इंजिन दमलेलं आहे, ते कळू नये म्हणून 'सैल ठेव'. मग मी रोज सुई थोडी थोडी आवळायला लागलो. वेग वाढायचा, धूर पातळ व्हायचा. धूर म्हणजे वाया जाणारं इंधन, असाच माझा हिशेब.

बायको म्हणाली, "अरे, त्या इंजिनाशीही घासाघीस करतोयस तू."

एका सकाळी तो तळ्यावर आला. व्यायामासाठी बाहेर पडायची मुभा होती तेवढीच. हातात मासेमारीचा रॉड, दोरीच्या टोकाला टेनिस बॉल. बोट सरळ रेषेत सुसाट जायची आणि टोकाला पोचता पोचता दम टाकायची. त्याला पाहताच माझं डोकं फिरलं.

"दमलेलं इंजिन गळ्यात मारलंस! तुझ्यासारख्यांमुळेच मराठी माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही!"

काठावर चालणारी माणसं थांबून बघायला लागली. भाषा कळत नव्हती, सूर कळत होता. मी त्याच्या देखत बोट उचलली आणि सुई आणखी आवळली. मास्कमागे त्याचे ओठ हलल्यासारखे वाटले.

"काय? बोल ना!"

"तुझी बोट आहे," तो म्हणाला.

या वेळी धूर अजिबात नव्हता. बोट अशी धावली की मी ओरडलोच, "बघ!" इंजिनाचा आवाज चिरका झाला आणि तळ्याच्या मध्यावर एकदम थांबला.

त्याने रॉड फिरवला. बॉल बोटीच्या पलीकडे टाकला, दोरी बोटीत अडकवली आणि हळूहळू ओढत ती माझ्या पायाशी आणली. मग अंतर ठेवून मागे सरकला. मी इंजिन सुरू करायची दोरी खेचली. हललीच नाही, इंजिन जाम झालं होतं. त्या इंजिनाचं वंगण इंधनातच मिसळलेलं असतं. धुराची रेघ म्हणजे ते आतवर पोचत असल्याची खूण. मी वेगासाठी वंगणच तोडलं होतं. मान वर केली तेव्हा तो रॉड गुंडाळत होता. माझ्याकडे बघत नव्हता, आणि ते बरंच होतं. माझे कान तापले होते.

त्यानंतर तो त्या तळ्यावर आला नाही. दुकानात दिसला तर मीच दुसऱ्या रांगेत शिरतो. जे बोललो त्याची माफी मागायची आहे, मागेनही.

पण मित्रा, आधी तू एक सांग. बोट मध्येच बंद पडणार हे तुला ठाऊक होतं, म्हणूनच रॉड घेऊन आला होतास ना? मी शिव्या दिल्या, मान्य. तरी माझा हात धरायचा होतास, माझ्यावर ओरडायचं होतंस. मी सुई आवळत असताना तू गप्प का उभा राहिलास? याचं उत्तर मला तुझ्याच तोंडून हवंय.