केळीच्या पानावरचं इंजिन

सांडोरच्या कुठल्याही लग्नकार्यात विद्याधर राऊत वाढपाला उभा राहिला की यजमान निर्धास्त व्हायचे. शंभर पानांची पंगत असो, कोशिंबिरीच्या जागी भाजी कधी पडायची नाही. एरवी तो कचेरीतला साधा कारकून. घरचा नळ गळला तरी खाली बादली ठेवणारा. अशा माणसाने अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात जाहीर केलं, की सासऱ्यांच्या मोटरसायकलचं इंजिन तो स्वतः उघडून बांधणार.

कारण मेहुणा. सासरे गेल्यावर त्यांची टू-स्ट्रोक गाडी लेकीकडे, म्हणजे प्रमोदिनीकडे आली आणि दोन वर्षं वाडीत नुसती उभी राहिली. प्रमोदिनी तेवढी येता-जाता पदराने टाकी पुसायची. तिचा भाऊ जितेंद्र एकदा विरारहून आला नि म्हणाला, "भावोजी, बाबांच्या गाडीवर कोंबड्या बसतात. रविवारी चारपर्यंत चालू झाली नाही, तर मी घेऊन जाणार." विद्याधर लगेच हो म्हणाला. घाम नंतर पुसला.

पापडी गावच्या बेसिल मेकॅनिकने त्याला एकच मंत्र दिला: काढशील ते ओळीने मांड, नि उलट्या क्रमाने बसव. आता मांडायचं म्हटलं तर विद्याधरला एकच पद्धत ठाऊक. रविवारी सकाळी त्याने वाडीतल्या केळीचं ऐसपैस पान कापलं, शेंडा डावीकडे करून अंथरलं आणि वाढायला घेतलं. मधे भाताच्या मुदीच्या जागी पिस्टन. पापडाच्या जागी रिंगा. भाजीच्या जागी कार्बोरेटर, चटणीच्या जागी प्लग. वर मिठाच्या जागी नखाएवढ्या दोन क्लिपा. ठिणगी कधी पडायची ते ठरवणारी गोल प्लेट तेवढी पानात बसेना. ती त्याने आमटीसारखी वाटीत ठेवली.

प्रमोदिनी येऊन बघून गेली. "तूप राहिलं," म्हणाली. त्याने ग्रीसचा डबा दाखवला.

दुपारी शेवटचा नट सुटला. भरलं पान पाहून विद्याधरला ढेकर आली म्हणतात. ते खोटं असेल, पण उठता उठता त्याने जन्माच्या सवयीने पान मिटलं, हे प्रमोदिनीने स्वतः पाहिलं. आत खळखळलं. उघडून बघतो तर सगळ्याचा काला.

त्याने काला बाजूला सारला. मग नवीन पान कापून आणलं आणि बायकोला म्हणाला, "तू जेवायला बस."

ती मांडी घालून बसली. तो कमरेला पंचा बांधून समोरून वाकला, आणि डोकं विसरलं होतं ते हाताला आठवलं. मीठ, चटणी, भाजी. एकेक भाग अचूक आपल्या जागी पडत गेला.

"पापड आणखी?" त्याने सवयीने विचारलं.

"पुरे," ती म्हणाली.

साडेतीनला इंजिन बांधून झालं. वाटीतली प्लेट कशी होती ते मात्र हातालाही आठवेना. ती अंदाजाने ठोकून दिली.

चारच्या ठोक्याला जितेंद्र टेम्पो घेऊन हजर. विद्याधरने किकमागून किक मारली. अकरावी उलटी बसली, पोटरी सडकून निघाली, आणि गाडी धडधडू लागली. वाडीभर निळा धूर. प्रमोदिनीने डोळ्यांना पदर लावला; बाबा कामावरून घरी आले की हाच वास यायचा. विद्याधरने ऐटीत पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी सरळ मागे गेली. दोन केळी आडव्या करून विहिरीच्या कठड्याला टेकली. तरी बंद पडली नाही. ठिणगीची वेळ चुकली की टू-स्ट्रोक इंजिन उलटंही फिरू शकतं, हे ज्ञान बेसिलने त्याला दुसऱ्या दिवशी दिलं.

जितेंद्र हसून हसून खालीच बसला. "भावोजी, ही काय गाडी झाली?"

उत्तर प्रमोदिनीने दिलं. "चालू झाली पाहिजे म्हणालास. कुठल्या दिशेला, ते बोलला नव्हतास."

जितेंद्रने बहिणीच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि टेम्पो रिकामाच परत पाठवला. आता त्याला नाक्यापर्यंत सोडायला हवं होतं. विद्याधरने गाडीची पाठ फाटकाकडे वळवली. मेहुणा मागच्या सीटवर तोंड फिरवून बसला आणि, आता तोच पुढे असल्यामुळे, विद्याधरला रस्ता सांगू लागला.