चांद्याचा खांदा आणि माझा

मी गाव सोडलं तेव्हा राळेगावच्या स्टँडवर माझ्यासाठी कोणीच रडलं नाही. आईला गाडी लागायची, नुसती उभी एसटी पाहिली तरी लागायची, म्हणून ती घरीच राहिली. आले होते बाबा, आणि माझी धाकटी बहीण वंदी. मी खिडकीतून जमेल तेवढा गंभीर चेहरा बाहेर काढला. वंदी जवळ आली. मला वाटलं, आता हुंदका येणार.

"दादा," ती म्हणाली, "आता तुही सायकल माही ना?"

बाबांनी मात्र खिडकीच्या गजावर हात ठेवला. "जाय बापू. खांद्याले घट्टा पडल्याबिगर गोऱ्ह्याचा बैल होत नाही."

त्या वाक्यावर मी पुण्यात आजवर जगलोय. गाव सोडलेल्या माझ्या भावांनो, तुमच्याकडेही असलं एखादं वाक्य असेलच. कॉट बेसिसवरची खोली, मेसची पारदर्शक आमटी, इंटरव्ह्यूत "मले" तोंडून निघाल्यावर समोरच्याच्या ओठावर आलेलं हसू, हे सगळं मी घट्ट्याच्या हिशोबात जमा करत गेलो. आता ऑफिसात नवी पोरं आली की मी त्यांना माझा संघर्ष स्लाइडसकट सांगतो. त्यात कंदिलाखाली केलेला अभ्यास येतो. आमच्या घरी ट्यूबलाइट होती, पण ट्यूबलाइटखाली संघर्ष नीट दिसत नाही.

थोडक्यात, घरातला बैल मीच, अशी माझी पक्की समजूत होती. वंदीनं ती मोडली.

तिला नेरला दिलं होतं. दुसऱ्याच वर्षी नवरा आजारानं गेला आणि ती कडेवर लेक घेऊन परत आली. त्याच सुमारास बाबांच्या गुडघ्यांनी जवाब दिला. मी पुण्याहून आलो, "खचू नको, मी आहे ना," असं म्हणालो आणि रविवारच्या ट्रॅव्हल्सनं परत गेलो. सोमवारी मीटिंग होती.

वंदी वावरात उतरली. पहिल्या वर्षी तिनं तण काढायला बैलांमागे डवरा धरला तेव्हा तणापेक्षा कपाशीची पऱ्हाटीच जास्त उपटली गेली. शेजारच्या वावरांचा अख्खा धुरा हसला. मग एका साली बोंडअळीनं कापूस खाल्ला, एका साली कापलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. ती दरवेळी चार दिवस कोणाशी बोलायची नाही, पाचव्या दिवशी चांद्या-पोपटला जुंपायची. चांद्या आणि पोपट ही आमची बैलजोडी. आता गावात कोणाला बैल घ्यायचा असला तर आधी वंदीला विचारतात. आणि मी गावात गेलो की पारावरचं नवं पोरगं मला विचारतं, "तुम्ही वंदीताईचे भाऊ का?"

लेका, मी तिचा भाऊ नाही, ती माझी बहीण आहे! फरक आहे की नाही?

तिच्या नावाचा हेवा वाटला असता तर मी स्वतःला समजून घेतलं असतं. पण माझी मजल पुढे गेली. मला तिच्या दुःखाचा हेवा वाटायला लागला. आई फोनवर म्हणायची, "वंदीनं लय सोसलं बाप्पा, पण पोरगी कशी घट्ट झाली." मी लगेच माझं सांगायचो, अप्रेझल, ट्रॅफिक, पाठीचा मणका. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मंग खुर्ची बदलून घे ना."

माझ्याकडे एकच मान उरला होता, तो पोळ्याचा. गावच्या तोरणाखाली सगळ्यांच्या जोड्या रांगेनं उभ्या राहतात, झडत्या म्हणजे एकमेकांना टोमण्याची गाणी होतात, मग तोरण तुटतं आणि बैल घरोघरी पूजेला जातात. आमच्या जोडीचा कासरा थोरला मुलगा म्हणून मी धरायचो. वर्षभर बैलांचं तोंड पाहायचं नाही, पण त्या दिवशी नवा कुर्ता घालून फोटो काढायचा. यंदा बाबांचा फोन आला. "पोयाले जोडी वंदी नेनार हाय."

"पण मी येऊन राह्यलो ना!"

"ये ना. जेवाले ये."

जेवायला? स्वतःच्या घरी?

मी बायकोला घेऊन आदल्या दिवशीच पोचलो, खांदेमळणीला. त्या दिवशी बैलांना नाल्यावर धुतात, जुवानं घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वंदी बैल घेऊन नाल्यावर उभी होती. मी तिच्या हातातून चांद्याचा कासरा घेतला. घेतला म्हणजे हिसकला. बायकोला व्हिडिओ काढायला सांगितलं आणि पकड भारदस्त दिसावी म्हणून दोर मनगटाला दोनतीन वेढे देऊन गुंडाळला.

आमच्याकडे चालायला लागलेल्या लेकरालाही ठाऊक असतं, कासरा हाताला गुंडाळायचा नसतो. बैल उधळला तर दोर सोडता आला पाहिजे. मलाही ठाऊक होतं. पुण्याला जाण्याआधी.

चांद्यानं माझ्या अंगावरचा डिओ हुंगला. मग तो निघाला, आणि त्याच्यामागे मीही. आधी पायांवर, मग गुडघ्यांवर, मग कुर्त्यावर. चिखलातून नाल्यात पोचेस्तोवर माझा उजवा खांदा मला सोडून वेगळ्या गावाला निघाला होता. काठावरून वंदीनं नुसतं "हो रे, हो चांद्या" म्हटलं. तो थांबला. हाक मारल्यासारखीही मारली नव्हती तिनं. खरं सांगतो, दुखण्याच्या आधी मला जळजळ झाली. माझ्या ऑफिसातलं कोणी कधी माझ्या एका शब्दावर असं थांबलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हात गळ्यात बांधून तोरणापाशी गेलो. आमच्या शेजारच्या नामदेवकाकांनी मला पाहिलं आणि झडती सोडली:

"पुण्याहून आला साहेब, कुर्ता घालून कडक,
चांद्यानं दाखोली त्याले नाल्याची सडक!
हर बोला हर हर महादेव!"

सगळा गाव हसला. वंदी झूल घातलेली जोडी घेऊन रांगेत आली तसं हसू ओसरलं. आमच्या गावात आजवर बाईनं तोरणाखाली जोडी आणली नव्हती. एक म्हातारा म्हणाला, "हे बरं नाही दिसत. बाईमानूस काहून? भाऊ उभा हाय ना घरचा. साहेब, तुम्ही धरा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा काठीवर रेलून होते. वंदीची मूठ कासऱ्यावर आवळलेली मला दिसली. माझ्या मनात काय आलं असेल? थोर विचार? मला तो कासरा हवा होता. माझा धड असलेला डावा हात पुढे गेलासुद्धा.

वंदीनं त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "देते दादा," ती म्हणाली. "गुंडाळशील त नाही ना?"

आधी नामदेवकाका फुटले, मग सगळी रांग, आणि शेवटी तो म्हाताराही तोंडावर शेला धरून हसायला लागला. हसताना माणसाला हरकत घेता येत नाही. मीही हसलो, जरा उशिरा. हात मागे घेतला आणि म्हातारबुवांना म्हणालो, "तिलेच धरू द्या बाप्पा. चांद्या मले ओळखत नाही." तोरण तुटलं, आणि वंदी जोडी घेऊन त्याखालून गेली. मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण एका हातानं वाजत नाहीत.

निघायच्या सकाळी मी ओट्यावर बॅग भरत बसलो होतो. वंदी खांदेमळणीची उरलेली तूप-हळद पळसाच्या पानावर घेऊन आली. "काढ सदरा." तिच्या तळव्याचा घट्टा माझ्या खांद्यावर खरखर फिरत होता. लॅपटॉपच्या पट्ट्याचा वळ दिसला तशी ती थांबली.

"हा कायचा रे?"

"माझं जू आहे ते," मी म्हणालो.

"अगा बाप्पा. लोन्यावानी हाय खांदा." तरी त्या वळावर तिनं दोनदा बोट फिरवलं. मग माझ्या कानाशी वाकली आणि चांद्याला म्हणतात त्याच चालीत म्हणाली, "आज आवतन घ्या, पुढच्या पोयाले जेवाले या."

एसटीत मी त्याचाच विचार करत होतो. आवतन पाहुण्याला देतात, म्हणजे त्या घरी आता मी पाहुणा. सायकल गेली, कासरा गेला, आता जेवायचा हक्काचा पाटही गेला. राळेगाव मागे पडेपर्यंत मी तसा फुगून बसलो होतो. मग आठवलं, चांद्या तर बारा महिने आमच्याच गोठ्यात असतो. त्या चालीचं आवतन घरच्या जनावरालाच मिळतं, बाहेरच्या पाहुण्याला कोणी तसं कानात सांगत नाही. गावात राहिलेल्यांनो, तुम्ही असं आवतन देत राहा. गेलेल्यांनो, आपल्याला यापेक्षा जास्त घर आता मिळायचं नाही, आणि हे काही कमी नाही.

तूप मात्र तिनं चांद्यालाच जास्त लावलं होतं. मी बघत होतो ना.