विहिरीकडून पहिला वाफा

१९६३ साली मी एकेचाळीस वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत. पण धाडच्या बाजारात माझ्यासारखी वांगी कोणाची नव्हती, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. चौदा वाफे, कशात काय, कशानंतर काय, पाणी किती दिवसांनी, सगळं डोक्यात. लिहून ठेवणारे कच्चे, असं माझं मत.

मग मला अंतर्गळ, म्हणजे हर्निया झाला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, वर तीन आठवडे वाकायचं नाही. ऐन मिरचीच्या रोपांचे दिवस. मोट भाऊ हाकणार होता, पण वाफे बायकोच्या हाती. पाणी चुकलं की रोपं गेली, म्हणजे वर्षाची मिरची गेली. आणि ऑपरेशनमध्ये मीच गेलो तर? हे कोणाशी बोललो नाही.

बायकोला यातलं काही कळत नाही, असं मी धरूनच चाललो होतो. शाळेतल्या गुरुजींना गाठलं. त्यांनी दोन दुपारी बसून माझं डोकं रजिस्टरात उतरवलं. वाफ्यांना आकडे, पिकांची यादी, लाल शाईच्या रेघा. फार देखणं दिसत होतं. मी नसताना गुरुजी घरी येऊन ते वाचून दाखवणार होते. जायच्या आदल्या दिवशी बायकोला ओट्यावर बसवून गुरुजींना वाचायला लावलं.

"वाफा एक. मिरचीची रोपं. जागा चिबड, पाणी आठव्या दिवशी."

"गुरुजी, चिबडात मिरची कोन लावते?" बायको हसली. चिबड म्हणजे पाणी साचून राहणारी जागा, तिथं मिरची कुजते.

घोळ असा की आम्ही वाफे विहिरीकडून मोजतो, पाणी येतं तिकडून. गुरुजींनी रस्त्याकडून मोजले. मी 'रस्त्याकडचा चिबड' म्हणालो, त्यांनी त्याला एकचा आकडा टाकला. पुढं 'पहिल्यात मिरची' म्हणालो, तीही तिथंच लिहिली.

"काऊन हो, पानी का रस्त्यावरून येते?" ती म्हणाली.

मला राग आला. "तुले वाचता येते का?"

"नाही येत. म्हनून तं कान देऊन आयकून राह्यली."

उठली, गेरू आणला, चुन्याच्या भिंतीवर विहीर काढली, पाट काढला, चौदा चौकोन. चौकोनात पिकाचं चित्र, पाण्याच्या दिवसांचे ठिपके. मी मागून सांगत होतो, पण तिचा हात माझ्या बोलण्याच्या पुढंच चालत होता. सातव्यात मी "वांगी" म्हणालो आणि ती थांबली.

"सातव्यात यंदा वांगी नाही. मागच्या साली तिथं वांग्याले मर लागला होता, उभी झाडं सुकली. इसरले का?"

विसरलो होतो. रजिस्टरात तिथं वांगीच होती, मीच सांगितलेली.

गुरुजी हळूच मला म्हणाले, "भाऊ, मग यातलं कोणतं ठेवायचं?"

रात्री जेवतानाही ते चौकोन डोळ्यांपुढून हलेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीच्या आधी भिंतीपुढं जाऊन बसलो आणि तिला विचारलं, "सातव्यात मंग काय लावाचं?" लग्नानंतर शेतातलं मी तिला पहिल्यांदाच विचारत होतो.

"सांबार," ती म्हणाली, म्हणजे कोथिंबीर. मी गेरू घेतला आणि सातव्या चौकोनात माझ्या हातानं कोथिंबिरीची जुडी काढली.