आतोबा आणि अकोल्याची हत्तीण

माझ्या आतोबांइतका कान देऊन ऐकणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात नव्हता. फक्त ते माणसांचं ऐकत नसत. अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवता शिकवता त्यांनी ठरवून टाकलं होतं, की हत्ती एकमेकांशी सतत बोलतात, पण इतक्या खालच्या सुरात की आपल्या कानांना पत्ताच लागत नाही. वऱ्हाडात हत्ती नाहीत, ही अडचण त्यांना कधी जाणवली नाही. सर्कस आली की ते रजा टाकत आणि डब्याच्या तोंडावर पातळ कातडं ताणून, त्यावर राजगिऱ्याचे दाणे पसरून हत्तींपाशी ठाण मांडत. दाणे थरथरले, की हत्ती बोलला! आत्या म्हणायची, "मी इतकी वर्षं कोकलून राह्यली, ते नाई आयकू येत यायले, अन् मुका हत्ती आयकू येते!"

पुढची पायरी हत्तींच्या शिरगणतीची. तंबूबाहेर डोळे मिटून, छातीवर तळहात ठेवून ते आकडा सांगत. एकदा सात सांगितले. आत हत्ती चारच निघाले, बाकी तीन उंट. "मंग उंटही बोलत असतीन," आतोबा शांतपणे म्हणाले.

साठ-एकसष्टच्या हिवाळ्यात अकोल्याला सर्कस आली, तेव्हा मी बी.एस्सी. झालेला, म्हणून साक्षीदार म्हणून मला एसटीत कोंबलं. तिथे एक म्हातारी हत्तीण तीन दिवस चाऱ्याला तोंड लावत नव्हती. आजही खाल्लं नाही तर हिला विकून टाकायचं, असं मॅनेजरनं ठरवलं होतं. आतोबांनी तिच्या पायाशी डबा ठेवला. हत्तीण गप्प उभी. दाणे मात्र टणाटण उडायला लागले. मग थांबले, आणि पुन्हा हलकेच थरथरले.

"हे दुसरीचं उत्तर हाय," आतोबा माहुताला म्हणाले. "हिची जोडीदारीण कुठी हाय?"

"तंबू के पीछे, मास्तरसाब. पांव में जखम है उसके."

"मंग हिले तिकडं ने. तिले हाका मारून राह्यली हे."

मॅनेजरनं हसत आम्हाला दोरीबाहेर काढलं. पण तो जेवायला गेल्यावर माहुतानं गुपचूप हत्तिणीला पलीकडे नेलं. तिनं दुसरीच्या जखमेभोवती सोंड फिरवली, अन् थोड्या वेळानं चाऱ्याची पेंढी उचलली. मॅनेजर सगळ्यांना सांगत सुटला, की आपलं औषध लागू पडलं. आतोबा भांडले नाहीत. तिला खाताना बघत उभे होते, डोळे पुसत.

परतीच्या एसटीत त्यांनी विचारलं, "खरं सांग, तुले काही जाणवलं काय?"

डब्याशेजारी बसलो असताना माझ्याही छातीत काहीतरी घुमलं होतं. पण पुढच्याच बाकावर माझे कॉलेजचे प्राध्यापक बसले होते.

"नाही बुवा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, खिशातून वही काढली आणि माझ्या नावापुढे प्रामाणिकपणे लिहिलं, 'नाही'.

आतोबा गेल्यावर आत्यानं ती वही मला दिली. तीत चुका पुष्कळ आहेत. खोटी नोंद एकच, आणि ती माझी आहे.