पीळ आणि जट

मी गाव सोडलं त्या सकाळी हसनाबादच्या अलीकडच्या फाट्यावर एक अनोळखी बाई माझ्या पाया पडली. मी एकोणीस वर्षांची. हातात पत्र्याची पेटी, पिशवीत आयटीआयचं सर्टिफिकेट, आणि भोसरीच्या एका कंपनीत मोटारीच्या कॉइल गुंडाळायची नवी नोकरी. पाया पडण्यासारखं त्यात काही नव्हतं. बाई पडली ती माझ्या केसांच्या. आदल्या दिवशी मायनं माझ्या डोक्यावर दहा-बारा पीळ घातले होते, आणि त्या बाईला ती देवीची जट वाटली. तिनं कनवटीची हळदीची पुडी काढली, तशी माय मधे आली.

"बाई, हळद घरी भाजीत घाला. केस हायेत हे. काल म्या मपल्या हातानं वळलेत."

बाईला काही ते पटलं नाही. एसटी आली तेव्हा तिनंच आत डोकावून सांगितलं की अंगात देवी असलेली पोर चढून राह्यली. कंडक्टरनं मला पुढची जागा दिली आणि शेजारी कोणी बसेना. खिडकीतून माय दिसत होती. लेकीला निरोप देताना बाया रडतात म्हणे, माझी माय त्या बाईकडं बघत दात खात उभी होती. तिचं शेवटचं बोलणं सुखी राहा वगैरे नव्हतं. "केसाला हात कमी लाव," ती म्हणाली, "पण लाव."

फाट्यावर मी देवी होते. पुण्याला शिवाजीनगर स्टँडवर उतरेपर्यंत मी घाणेरडी झाले. कॉट बेसिसवर राहायला गेले तिथल्या मालकीणबाईंनी आधी माझं डोकं पाहिलं आणि मग पेटी. "उवा असतील तर आत्ताच सांग. आणि हे असलं विंचरून येत जा, घरात मुली आहेत." कंपनीत सुपरवायझर म्हणायचा, "मॅडम, तुमच्याकडं कंगवा मिळत नाही का?" शिफ्टमधल्या मुली हसायच्या. टोपीखाली माझे पीळ त्या मुलींच्या सुटणाऱ्या वेण्यांपेक्षा नीट बसायचे, मशीनमध्ये जायची भीती नव्हती, पण हे त्याला दिसत नव्हतं. गावाकडचे म्हणणार हात लावू नका, पुण्याचे म्हणणार विंचरा. केस कुणाचे, हे मात्र दोन्हीकडं कोणी विचारलं नाही. मला आजही याचा संताप येतो, आणि तो गेला पाहिजे असं मला वाटत नाही.

आमच्या घरात सगळ्यांचे केस कुरळे. नुसते लाटेचे नव्हेत, बोटात अडकणारे, कोरड्यात कंगवा घातला की कटकन तुटणारे. माय जन्मभर अशा डोक्यांशी झटली आणि तिनं आपली पद्धत बसवली होती. शिकेकाईनं न्हाणं झालं की केस ओले असतानाच बोटांनी सोडवायचे. मूठभर जवस पाण्यात उकळायचे, त्याचा बुळबुळीत रस फडक्यातून गाळायचा आणि तो केसांना चोळायचा. मग एकेका बटेचे दोन भाग करून एकमेकांवर शेंड्यापर्यंत पिळायचे, टोकाला दोरा. रात्री जुन्या पातळाचं मऊ फडकं बांधून झोपायचं. मधे एकदा मुळाशी करडईचं तेल, बोटाच्या टोकानं, आणि एरवी हात लावायचा नाही. पंधरा दिवसांनी खालून वर उकलत यायचं आणि पुन्हा वळायचं. आता पार्लरमध्ये असल्या गोष्टींना भलतीच नावं आहेत आणि खर्चही तसाच आहे.

उकलण्याच्या बाबतीत माय फार कडक होती. "हात कमी म्हंजी बिलकुल न्हाई असं न्हाई," ती म्हणायची. "वेळंवर उकललं न्हाई का मंग ते एकात एक बसतंय. मंग जट व्हती. आन् जट झाली का लोकं येतेत." लोकं येतेत हे ती अशा आवाजात म्हणायची की मला लहानपणी जटेपेक्षा लोकांचीच भीती वाटे.

कारण जट आमच्या घरातच होती. गयाआत्या, बाबांची थोरली बहीण. लहानपणी तिला मोठा ताप आला, केस कित्येक दिवस कुणी सोडवले नाहीत, त्याची जट झाली आणि देवी आली म्हणून गाव जमा झालं. लग्न झालं होतं, सासरच्यांनी आणून सोडली. देवीचं माणूस नांदवायचं कसं म्हणे. पुढं छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं धर्म बदलला. आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक नेऊन नदीत सोडले, भिंतीवर तथागतांची तसबीर लावली, घर वंदना म्हणायला लागलं. सगळे देव गेले, फक्त आत्याच्या डोक्यावरची देवी तेवढी राहिली. तिच्या केसांना कात्री लावायची हिंमत एकाही पुरुषाला झाली नाही. आमच्या माणसांना मी नेहमी हे ऐकवते आणि ती मान खाली घालतात. नदी जवळ होती, न्हावी मात्र कुणाला सापडला नाही.

आत्या कमरेपर्यंतची ती जट पदराखाली वागवायची. मान कायम एका बाजूला कललेली. मंगळवारी, शुक्रवारी ओट्यावर बसायची, आणि वरच्या आळीच्या बायका यायच्या. आमच्या घरचं पाणी त्यांना चालत नव्हतं. नारळ लांबूनच ठेवायच्या, नमस्कारही लांबूनच करायच्या, आणि जाताना आमच्या उंबऱ्याला पदर लागू नये म्हणून तो सावरून घ्यायच्या. मुलगा होईल का, पाऊस कधी, हरवलेली म्हैस कुठं, सगळं आत्याला विचारायच्या. आत्या काहीबाही सांगायची. तिला ते आवडायचं, हेही खरं आहे.

मी पुण्यात रुळले. मेसचं गोडं वरण खायला शिकले, ओव्हरटाइम मागून घ्यायला शिकले, 'करून राह्यले' म्हणायचं सोडलं. बाबा मी आयटीआयला असतानाच गेले होते. घरी माय, आत्या आणि माझी धाकटी बहीण सुजाता. सुजाता तेव्हा सहावीत. तिचे केस माझ्यापेक्षा दाट.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत गेले तर ओट्यावर आत्या नव्हती, सुजाता बसली होती. कपाळभर मळवट, डोक्यावर हळद, पुढ्यात नारळ. शुक्रवार होता. मला पाहून ती उठायला लागली तर आत्या म्हणाली, "बस. आरती व्हायची हाय अजून."

झालं होतं असं. माय बैलगाडीवरून पडली आणि उजव्या हाताचं हाड मोडलं. हात प्लास्टरमध्ये. एका हातानं पीळ उकलता येत नाहीत. तिनं आत्याला सांगितलं, आत्यानं होय होय केलं आणि उकलले नाहीत. महिना गेला, दुसरा गेला, पीळ एकमेकांत बसले, आणि आत्यानं शेजारणीला बोलावून दाखवलं. मायनं आरडाओरडा केला तर गावातल्या बायकाच तिला समजवायला आल्या. "देव नदीत टाकले ना तुमी? देवी पोरीच्या डोक्यावर आली परत." शाळेचे मास्तर पोर शाळेत का येत नाही ते बघायला आले होते म्हणे. मला वाटलं, चला, एक तरी शहाणा निघाला. तर मास्तरांनी चपला काढल्या, हात जोडले आणि गेले. हजेरीचं विचारलंसुद्धा नाही.

येत्या पौर्णिमेला डोंगरावरच्या जत्रेत नेऊन पोरीला देवीच्या नावानं सोडायचं ठरलं होतं. गाडीसुद्धा सांगून झाली होती. एकदा सोडली की शाळा नाही, लग्न नाही, ओटा आणि नारळ.

"तुला काय वाटतंय?" मी सुजाताला विचारलं.

"डोकं लई खाजतंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जवस उकळायला ठेवले. घरात बसून उकलले असते तर गावानं म्हटलं असतं की कापले, खोटं बोलतात. म्हणून मी ओट्यावरच बसले, सगळ्यांसमोर. सुजाताला पुढ्यात घेतलं. माझ्या बॅगेत कॉइलच्या तारा बसवायची फायबरची पट्टी होती, बोथट टोकाची, ती काढली. माय प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन शेजारी बसली. बायका जमायला वेळ लागला नाही.

आत्या दारात उभी राहून म्हणत होती, "रगत यील. केसाकेसातून रगत यील. पोर हातची जाईल, मंग नको म्हणू सांगितलं न्हाई."

सुजातानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. लहान पोरीला हे सांगणाऱ्यांच्या तोंडात काय घालावं मला कळत नाही. मी तेल लावलं, जवसाचा रस लावला आणि शेंड्याकडून सुरू केलं.

"वरून वढू नको," माय म्हणाली. "खालून. जल्दी नको करू."

पहिला पीळ सुटायलाच दुपार झाली. त्यातून गळालेल्या केसांचा गुंता निघाला, चिमणीच्या घरट्याएवढा, हळदीनं पिवळा. सुजातानं न वळता विचारलं, "रगत आलं का?"

"तूच बघ," मी म्हटलं. तिनं हळूच हात मागं नेला, केसातून बोटं फिरवली आणि बोटं डोळ्यांसमोर धरली. तेल होतं. ती ती बोटं बराच वेळ बघत राहिली आणि मग जमलेल्या बायकांना दाखवायला लागली, एकीकडून दुसरीकडं. त्या बायका हळूहळू पांगल्या. त्यातली एक चार पावलं गेली, परत आली, सकाळी ठेवलेला आपला नारळ उचलला आणि घरी घेऊन गेली. माय हसली. हात मोडल्यापासून पहिल्यांदाच, असं ती नंतर म्हणाली.

सगळे पीळ उकलायला पुढचा दिवसही गेला. एकालाही कात्री लागली नाही. जत्रेची गाडी आम्हाला न घेता गेली.

परत निघायच्या आदल्या दुपारी माय आणि सुजाता वाळत घातलेलं धान्य भरत होत्या. आत्या माझ्याजवळ आली आणि सुजाता बसली होती तिथं बसली. पदर काढला. मी तिची जट इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती.

"माझी बी उकलती का बघ," ती म्हणाली.

मी खरंच प्रयत्न केला. खालचा भाग बैलाच्या कासऱ्यासारखा घट्ट झाला होता, त्यात पट्टीचं टोकसुद्धा शिरेना. फक्त टाळूपाशी बोटभर केस मोकळे होते. ते आमच्यासारखेच होते, मऊ आणि कुरळे. मी तिला सांगितलं की ही उकलणार नाही, पण कापता येईल, नवे केस चांगले येतील, मान सरळ होईल.

तिनं टाळूवरच्या त्या मोकळ्या केसांतून बोट फिरवलं. मग म्हणाली, "कापल्यावर मला कोण इचारंल? आज बाया पाया पडतेत. उद्या मी नुसती टाकलेली बाई." आणि तिनं पदर घेतला.

मला तिचा राग यायला हवा होता. दोन दिवस येतच होता. पण त्या दुपारनंतर तो तिच्यावरून उठला आणि गावावर जाऊन बसला, आणि अजून तिथंच आहे. एका बाईला मान द्यायला या गावाला तिची मानच वाकवावी लागली. हे मी माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना सांगते तेव्हा ते म्हणतात, जाऊ दे, अडाणी लोकं. अडाणी कसली? आत्याला बरं केलं तर तिला सून म्हणून, बहीण म्हणून वागवावं लागेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सुजाताला मी बरोबर नेलं. ती पुण्यात शिकली, आता एका लॅबमध्ये नोकरी करते आणि आपले पीळ आपणच घालते. केसांना काय लावतेस असं कुणी विचारलं की ती सांगते, जवस. मलाही नंतर चिंचवडला फ्लॅट घेता आला. लिफ्ट आहे, शेजारी गुड मॉर्निंग करतात. तिथं माझं कुणाशी भांडण नाही.

आत्या गेली तेव्हा आम्ही दोघी पहाटेच्या गाडीनं गेलो. पोचलो तर वरच्या आळीच्या बायका पुढच्या खोलीत आल्या होत्या, या खेपेला उंबऱ्याच्या आत. एकीच्या हातात कात्री होती, दुसरीच्या हातात नवं कोरं हिरवं कापड. जट कापून डोंगरावर न्यायची होती. जट देवीची, बाकीचं तुमचं, तुम्ही तुमच्या रीतीनं जाळा, असं त्यांनी मायला समजावून सांगितलं होतं. आतल्या खोलीत म्हातारी माय आत्याच्या डोक्यापाशी हात आडवा धरून बसली होती.

मी ती कात्री पाहिली. आत्याचं अख्खं आयुष्य ही कात्री याच गावात होती.

जो तो मला विचारतो की आता तुमचं घर कोणतं, पुण्याचं की गावाकडचं. मी गावाकडं राहत नाही, राहणारही नाही. पण त्या दिवशी मी आतल्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिले, आणि इतक्या वर्षांत पुण्यात एकदाही आलं नाही ते बोलणं माझ्या तोंडात आपोआप आलं. मी म्हटलं, "कात्री खाली ठेवा. ही मपल्या घरची बाई हाय. आख्खी जाईल."

त्या बायका बाहेर जाईपर्यंत मी दारातून हलले नाही.