फक्कीने आखलेलं घर

शाळेच्या मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारत होते. तो कोरडा वास नाकात गेला आणि मी अर्धापूरच्या आमच्या प्लॉटवर पोचलो. इंजिनिअर कशाला, म्हणून नवं दुमजली घर मीच फक्कीने जमिनीवर आखलं होतं. आई आखलेल्या दारातूनच आत आली.

"बापू, वर कुठून जायचं रे?"

मी जिनाच विसरलो होतो! पाया खोदायचं मशीन घुरघुरत उभं. देवघरात, स्वयंपाकघरात, पोर्चमध्ये, जिना कुठंच बसंना. मला रडूच कोसळलं.

"माझ्या खोलीत घाल की. खाट मावली की लई झालं," म्हणत तिने पायाने आपल्या खोलीची रेघ पुसली.

आता आई नाही. जिन्याखाली तिची खाट आहे. मी अजूनही चपला हातात घेऊन वर चढतो.